अंधारी नव्हे, भोवळ

कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत, कारण केसाहून बारीक फरक तो बोटाने ओळखायचा. लेथवर, म्हणजे लोखंडी दांडे फिरवत कातायच्या मशीनवर, बावीस वर्षं काढलेला टर्नर. एका सकाळी त्याने मशीन बंद केलं, तरी दांडा फिरतच राहिलेला दिसला. मग खिडकी फिरली, भिंत फिरली आणि तो मशीनला धरून खालीच बसला.

“काय रे, सकाळी सकाळीच घेतलीस?” फोरमन म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

डॉक्टरांना त्याने “चक्कर येते” एवढंच सांगितलं. त्यांनी अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात आणखी तीनदा तसंच झालं. शेवटच्या वेळी हात फिरत्या दांड्यापासून जेमतेम चार बोटांवर होता. घरी तो चकार शब्द बोलला नाही, पण बायकोने हेरलंच.

“लपवताय काय? भिंत सोडून चालून दाखवा बरं.”

त्याला जमेना. तिने वडिलांना बोलावून घेतलं. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवलेला माणूस तो.

“चक्कर म्हणजे नक्की काय?” सासऱ्यांनी विचारलं. “अंधारी येते, की भोवळ?”

“एकच की, मामा.”

“एक कसं? अंधारीत दिसेनासं होतं, भोवळीत सगळं फिरतं. भोवळ आणि भोवरा एकाच घरातले, मूळ शब्द ‘भ्रम’. त्याचा अर्थ आधी नुसतं गरगर फिरणं. भलतंच दिसणं, भासणं हे मागाहून चिकटलं.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे मला भ्रम झालाय. कारखान्यातही म्हणूनच हसतात.”

सासरे ओशाळले. “चुकलंच माझं. शब्द सोलत बसायची खोड जात नाही.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. “मी नाही फिरत, खोली फिरते,” हे त्याच्या तोंडून ऐकताच डॉक्टरांनी लिहिता हात थांबवला. त्याला आडवं करून मान वळवली, डोळे निरखले.

“दोष कानात आहे. शरीराचा तोल तिथूनच सांभाळला जातो.”

मान वळवायच्या व्यायामाने भोवळ कमी झाली, पण गेली नाही. लेथवर परत जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. मालकाने त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. त्याच्या मशीनवर आता दुसरा माणूस असतो. कातणारं टूल बोथट झालं की इकडे त्याला आवाजावरून कळतं. सुरुवातीला तो उठून सांगायला जायचा. आता जात नाही. त्या बोथट टूलने कातलेला दांडा टेबलावर येतो, तो मोजतो आणि नापास करून बाजूला ठेवतो.