मिस्त्रींची हत्यारं

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे आमचे मिस्त्री. समोरचं जेवायचं ताट उचलून देतील, पण हत्यार देणार नाहीत. पटाशीला कुणी नुसता हात लावला की ओरडायचे, "ठेव ती! भूक लागली तर घरी ये, मासे खा. हत्यार मागू नको." माझे यजमान वीस वर्षं त्यांच्या हाताखाली सुतारकाम करत होते, त्यांनाही कधी मिस्त्रींचा रंधा मिळाला नाही.

हात असा, की दोन फळ्यांमधून सुई जायची नाही. आणि तोंड! मी यजमानांबरोबर पाठवलेल्या डब्यातलं कालवण जरा तिखट झालं की किनाऱ्यावरून निरोप यायचा, "वहिनीला सांग, होडी बांधायची हाय, जाळायची नाय!"

ऐंशी सालच्या आसपास त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कुणाला म्हणून सांगितलं नाही त्यांनी. मग एका नव्या होडीत पाणी शिरलं, तेव्हा तिचा मालक चारचौघांत म्हणाला, "मिस्त्री, होडी बांधली का चाळन?" सगळे हसले. मिस्त्रीही हसले.

त्यानंतर ते जेवेनात, झोपेनात. त्यांच्या बायकोनं माझ्याजवळ रडून सांगितलं. मी शहाणी काय म्हणाले? "अगं, पुरुषमाणूस आहे, होईल चार दिवसांत ठीक."

एका दुपारी ते आमच्या ओट्यावर आले. धार लावलेली, तेल लावून पुसलेली सगळी हत्यारं फडक्यात बांधून आणली होती, ती यजमानांच्या मांडीवर ठेवली. यजमानांचे डोळे भरून आले. आम्हाला वाटलं, केवढा मान दिला! मी हसत म्हटलं, "काय भावोजी, संन्यास घेताय का?"

"होय वहिनी. आता हात मोकळे."

कित्येक दिवसांनी चेहरा निवांत दिसला, म्हणून मला बरंच वाटलं हो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आपला जीव संपवला. गावात 'हार्टफेल' म्हणून सांगितलं, आम्हीही तेच सांगत राहिलो. यजमानांनी त्या फडक्याची गाठ कधी सोडली नाही.

आता एखादा कामकरी माणूस गप्प झाला की मी आडून विचारत नाही. शेजारी बसते आणि सरळ म्हणते, "मरावंसं वाटतंय का रे?" लोक म्हणतात, म्हातारी काहीही बोलते. काही जण रागानं उठून जातात. दोघे उठले नाहीत, रडले. एकाला तर मीच एस.टी.नं डॉक्टरांकडे नेलं, त्याचा हात धरून.

मिस्त्रींना मात्र मी चहा दिला, आणि जाऊ दिलं.