चार बोटं लांब दोरा

कशातही बोट घालून बघायची मला लहानपणापासूनची खोड. दुकानातल्या पोत्यात हात घालून हरभरा किडका का चांगला, हे मी डोळे मिटून सांगायची. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, हसायचे. निजामाचं राज होतं, चुडाव्याला स्टेशनाजवळ आमचं धान्याचं दुकान होतं. लग्नाला पाचेक वर्षं झाली असतील. एके सकाळी पूजेला बसताना तेच बोट माझ्याच छातीवर अडखळलं.

आमी लिंगायत. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची करडगी, म्हणजे डबी, आणि तिच्यात इष्टलिंग. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. करडगी जिथं टेकते तिथंच कातडीखाली काहीतरी होतं. भिण्याआधी मला नवलच वाटलं. दाबलं तर दुखेना, ढकललं तर सरकायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. मी दुकानातून एक हरभरा आणला आणि एका बोटाखाली तो, दुसऱ्या बोटाखाली ही गाठ, असं ताडून बघितलं. सारखेच. मग हरभरा पदराला बांधून ठेवला आणि रोज आंघोळीच्या वेळी ताडायला लागले.

मालकांना सांगायची लाज वाटली, म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करडगीचा घासा हाय. दोरा चार बोटं लांब कर, जाईल."

केला. पेरण्या झाल्या, तुरी फुलावर आल्या. गाठ काही गेली नाही, उलट हरभरा लहान पडला आणि मी शेंगदाणा बरोबरीला घेतला. आता मात्र भीती वाटायला लागली, कारण लेक अजून अंगावर पीत होती. तिला कोण बघेल, एवढंच डोक्यात यायचं. पुन्हा आत्याबाईंकडे गेले.

"आनखी लांब कर," त्या म्हणाल्या.

मी चिडले. "आनखी किती? तुमच्यावानी बेंबीपस्तोर सोडू काय?"

बोलले आणि जीभ चावली. खरंच, आत्याबाईंची करडगी बेंबीपाशी लोंबायची. मी नवरी होऊन आले तेव्हा तर ती वर, छातीवरच होती. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय हे मला ठाऊक असायचं, पण घरातल्या घरात हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"आत्याबाई, तुमचा दोरा कशानं लांब झाला?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, पदर बाजूला केला आणि माझा हात धरून डाव्या बाजूला ठेवला. सुपारीएवढी टणक गाठ. ढकलली तर हालेना.

"मला बी घाश्यानंच झाली," त्या म्हणाल्या.

लाज गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं आणि लेकीला कडेवर घेऊन, आत्याबाईंना सोबत घेऊन आमी आगगाडीनं परभणीला गेलो. दवाखान्यात हैदराबादेकडची एक डॉक्टरीण होती. माझी गाठ बोटानं दोनदा हलवली आणि म्हणाली, "चरबी है, डरो मत." आत्याबाईंना गळ्यातलं काढायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जीव गेला तरी न्हाई." डॉक्टरीण शहाणी. म्हणाली, हातात धरा आणि हात वर करा. आत्याबाईंनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं, हात वर केला आणि पूजेला बसल्यासारखे डोळे मिटले. डॉक्टरीण बराच वेळ काखेत चाचपत राहिली.

"कब से है, अम्मा?"

"तीन वर्सं झाली."

"किसी को बोले नहीं?"

"कुनी इचारलंच न्हाई."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र ते लय लागलं. बाहेर डॉक्टरिणीनं मालकांना सांगितलं की उशीर झालाय.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला समोर बसवलं, माझा दोरा सोडला आणि चार बोटं आखूड करून पुन्हा बांधला. मी म्हटलं, "आता तुमचा द्या, मी करते."

"राहू दे. सवय झाली," त्या म्हणाल्या.

पुढची संक्रांत त्यांनी बघितली, तिच्या पुढची नाही. माझी गाठ अजून आहे, शेंगदाण्याएवढीच. लेकीसुना मला चोंबडी म्हातारी म्हणतात. म्हणू देत. कुणाचा दोरा लांब झालेला दिसला की हातातलं काम टाकून मी आधी विचारते.