वरच्या आळीचा नगरसेवक

नगरसेवकाच्या गाडीवर मागे बसलात की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच वाटेत हात दाखवून गाडी थांबवतात! आमचा सुधीर रोह्यात नगरसेवक होता तेव्हा मागची सीट माझी. तसा तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. निवडणुकीत त्यानं एकच शब्द दिला होता : चढावरच्या वरच्या आळीत नळाला पाणी आणीन, नाहीतर पुन्हा मत मागायला येणार नाही.

मी म्हटलं, "येड्या, एवढं कोण बोलतं का!"

आळीच्या शेवटच्या घरात हमीदाखाला. मुलगा दुबईला, ही एकटी. प्रचाराला तिच्या ओट्यावर पोहोचलो तेव्हा सुधीर धापा टाकत होता. खाला शांतपणे म्हणाली, "दम लागला ना? पान्याला पण हितं येताना असाच लागतो रे."

*

निवडून आल्यावर पहिल्या मीटिंगला हा फर्स्ट शिफ्ट संपवून थेट कंपनीच्या युनिफॉर्मवर गेला. एक साहेब म्हणाले, "एसीवाले ना? या, या. सकाळपासून वाट बघतोय!"

पठ्ठ्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. स्टुलावर चढला, फिल्टर काढला, धुतला, परत बसवला. मग जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

"गार वाटतंय ना साहेब? आता वरच्या आळीच्या पंपाचं बोलू."

साहेब त्यानंतर त्याच्याशी फार अदबीनं वागायचे.

*

थर्ड शिफ्ट करून तो सकाळी झोपायचा, आणि तक्रारी नेमक्या सकाळीच यायच्या. एकदा एक म्हातारी दारात उभी.

"साहेब हायत काय गो?"

सुधीरची बायको, मनीषावहिनी म्हणाली, "झोपलेत."

"मग तू चल. गटार काय त्याच्यासाठी थांबनार नाय."

वहिनी गेली. गटार साफ करून घेऊनच आली. अर्ध्या वॉर्डाला आजही वाटतं, नगरसेवक तीच होती.

*

पेणला एका लग्नात गेलो. माइकवरून "रोह्याचे नगरसेवक" असं नाव पुकारलं, शाल-नारळ झाला. जेवताना शेजारचा गृहस्थ म्हणाला, "आमच्या गल्लीतली लाइट गेलीये."

"अहो, मी रोह्याचा!"

"असू दे हो. पेण काय लांब हाय?"

दुसऱ्या दिवशी सुधीरनं खरंच पेणला चार फोन केले. लाइट लागली. आमचा पंप अजून बसायचा होता, मला इतका राग आला होता!

*

टर्म संपत आली तेव्हा कुठे पंप बसला. खालानं नळाखाली नुसताच हात धरला. बराच वेळ. मग म्हणाली, "आता मत तुलाच." सुधीर तोंड फिरवून उभा राहिला. रडत होता गाढव. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

*

पुन्हा निवडणूक लागली. आणखी एक टर्म त्याला मनापासून हवी होती आणि सगळा भरवसा वरच्या आळीवर. मतदानादिवशी बायकांची धावपळ नको, लवकर भरून मोकळ्या होतील, म्हणून त्यानं पाणी सोडणाऱ्याला सांगितलं, "आज वरती जरा जास्त वेळ सोड."

दुपार झाली तरी बूथवर वरच्या आळीचं माणूस दिसेना. मी वर गेलो, तर आळीत जत्रा! गोधड्या धुतायत, ओटे धुतायत, एकजण रिक्षा धुतोय.

"अगो, मतदान!" मी ओरडलो.

"येतो, येतो! पानी जाऊ दे आधी!"

पाणी गेलं संध्याकाळी. बूथ त्याआधीच बंद झाला होता. सुधीर पडला, आणि तेही थोडक्यात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या ओटीवर बसलो होतो. त्याचं तोंड एवढंसं झालेलं, पोटात अन्न नाही. तेवढ्यात हमीदाखाला चढ उतरून आली. मला वाटलं, समजूत घालायला आली.

"सुधीर, आज नळाला पानी नाय."

"खाला, मी हरलो गो. आता नव्या नगरसेवकाला सांग."

"त्याला कसं सांगू? कालच निवडून आलाय, घरी ही गर्दी हाय! तू मोकळाच हायस ना?"

सुधीर उठला आणि चप्पल शोधायला लागला.