माहेरच्या गावाचा रकाना

रीना खोब्रागडेचा दिवस पावणेपाचला सुरू होतो. पाणी भरणं, स्वयंपाक, झाडलोट, मग साडेसातच्या एसटीने नाकाडोंगरीहून तुमसर. संस्थेचं कार्यालय दहाला उघडतं. ती नऊला दारात असते. घरी आई आणि ती, दोघीच. आमचं घर समोरचं. मी एकतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत फावडं चालवलं. कोण किती राबतं ते मला कळतं, म्हणून हे लिहितो.

संस्था मोहफुलं वेचणाऱ्या बायांसाठी काम करते. माहिती तीन जागी होती. गटांची नावं एक्सेलमध्ये, सभेची हजेरी फोनच्या ॲपमध्ये, आणि कोणाला काय दिलं ते एका वेबसाइटवर. तिन्हींची आपसात ओळख नव्हती. एकच नाव रीना तीनदा टाइप करायची. जानेवारीत सचिव कृष्णराव गुरुजींनी तिला सांगितलं, "एक सॉफ्टवेअर निवड आणि सगळं त्यात आण. मोह पडायच्या आधी यादी पाहिजे. तिच्यावरच जाळ्या मागवायच्या आहेत."

जाळी झाडाखाली अंथरली की फुलं तिच्यात पडतात. जाळी नसेल तर एकेक फूल वाकून उचलायचं. एका टोपलीसाठी बाई किती वेळा वाकते ते मी एकदा मोजायला बसलो होतो. सातशेनंतर सोडून दिलं. ज्या बाईचं नाव यादीत नाही, तिला हंगामभर तेच.

नागपूरहून मंगेश नावाचा सॉफ्टवेअर विकणारा आला. संस्थेच्या समितीत गावातर्फे मी आहे, म्हणून बैठकीला होतो. त्याने पडद्यावर रंगीत गोल फिरवले, एक बटण दाबलं आणि तीन याद्यांची एक झाली.

"झालं. डुप्लिकेट सगळे मशीनने काढले," मंगेश म्हणाला.

"किती नावं राहिली?" रीनाने विचारलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"होती तीनशे बारा."

"तेच तर मॅडम. एवढा कचरा सांभाळून ठेवला होता तुम्ही."

रीनाने यादी शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "गुरुजी, ह्या कचऱ्यात माझी आई गेली."

मशीनने एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस असं धरलं होतं. आमच्या मोहल्ल्यात चंद्रकलाबाईचा फोन नेहमी लागतो, म्हणून सव्वीस बायांनी तिचाच नंबर दिलेला. चंद्रकलाबाई राहिली, रीनाच्या आईसकट पंचवीस उडाल्या.

"मग नावावरून जुळवा," गुरुजी म्हणाले.

"आमच्याच गावात चंदा पाच आहेत, गुरुजी. त्यातल्या दोघींचे नवरे कैलाश."

मंगेश हसला. रीना हसली नाही.

संध्याकाळी ओट्यावर तिने आईला विचारलं, "पाच चंदा तुम्ही बाया ओळखता कशा?"

बायजाबाई तांदूळ निवडत होती. "नावानं कोन हाक मारते? माहेरच्या गावावरून म्हनतो. एक करडीवाली, एक एकोडीवाली. मले तं लग्नापासून कोनी बायजा म्हनलंच नाही. पवनीवालीच म्हनते. तू कायले विचारून राहिली?"

रीना वही आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मंगेशला फोन केला. माहेरच्या गावाचा रकाना टाकता येईल का? तो म्हणाला, असा रकाना कोणत्याच संस्थेत नसतो, टाकायचा तर तीन महिने लागतील. तिने त्याचं सॉफ्टवेअर सोडलं. दुसरं एक शोधलं. दिसायला साधं, पण रकाने आपले आपण टाकता येतात, नेटवर्क नसलं तरी चालतं, आणि ॲपमधली हजेरी त्यात जाते. तरी लगेच घेतलं नाही. आधी दहा नावं घालून चार दिवस तपासलं, मुद्दाम चुका करून पाहिल्या. मला ही पद्धत पटली. नवा दोर आम्हीही आधी ओढून पाहायचो.

मग अकरा गावं, एकोणीस दिवस. घरोघरी एकच प्रश्न, माहेर कोणतं? एक म्हातारी म्हणाली, "चाळीस वर्षांत कोनी इचारलं नाही. बस, चहा घे." त्या दिवसांत रीनाने जेवणापेक्षा चहाच जास्त घेतला.

खरे डुप्लिकेट तीनच निघाले. त्यातली एक दोन गटांत मुद्दाम होती; दोन्हीकडच्या सभेत चिवडा मिळतो म्हणून. तीनशे नऊ नावांवर जाळ्या मागवल्या. त्या आल्या आणि चार दिवसांनी मोह पडायला लागला. बायजाबाईने आपली जाळी दोनदा धुतली. काहून धुतली, ते तिलाच माहीत.

एप्रिलपासून रीनाची कच्ची नोकरी पक्की झाली. पहिल्या पक्क्या पगारातून तिने गाडी ठरवली, मामीसाठी लुगडं घेतलं आणि नऊ वर्षांनी आईला पवनीला माहेरी नेलं.