राणीच्या पाठीवर कोण होतं

मंगल गेली, असं नंदाने घाटकोपरहून फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं ते हे, "अशी कशी जाईल? आमचं अजून मिटलेलं नाही." नंदा पुढे सांगत राहिली. सकाळचा चहा टाकताना हार्ट अटॅक... मी फोन ठेवला आणि रडायच्या आधी चिडले. महिना उलटला तरी ती चीड उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही तिघी अंधेरीला एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. मंगलचे वडील जनावरांचे डॉक्टर. जुहूच्या वाळूवर गिऱ्हाइकांना फिरवणारे घोडे तपासायला ते पहाटे जायचे. आजारातून उठलेल्या घोड्याला थोडी रपेट करून आणावी लागे, ते काम आम्ही हळूहळू पटकावलं. राणी नावाची पांढरी घोडी आमची लाडकी. मुलींनी पॅन्ट घालायची नाही हा तिघींच्याही घरचा कायदा, म्हणून मंगलने भावाची एक पॅन्ट आणि एक शर्ट पळवला होता. जिचा नंबर असेल तिने तो घालायचा, फेरी मारून आली की घोडेवाल्याच्या झोपडीत बदलून पुढचीला द्यायचा. दुसरी पॅन्ट मिळवावी हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पुढे लग्नं झाली, मंगल बोरिवलीला गेली, मी मुलुंडला, आणि चाळीसएक वर्षं कुणी कुणाला विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगच्या जुन्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कृष्णधवल फोटो आला. दौडत निघालेली राणी, तिच्यावर वाकलेली मुलगी, अंगात तोच शर्ट, तीच पॅन्ट, आणि चेहरा उडणाऱ्या केसांनी पार झाकलेला. खाली मंगलने लिहिलं होतं, 'मी, जुहू.' माझं डोकंच फिरलं, कारण ती मी होते. किनाऱ्यावरच्या फोटोवाल्याने प्रत डॉक्टरकाकांना दिली म्हणून ती मंगलकडे राहिली, एवढंच. नंबर शोधून लगेच फोन लावला. इतक्या वर्षांनी आवाज ऐकत होते, पण कशी आहेस वगैरे काही नाही.

"ती मी आहे," मी म्हटलं.

"शैले, अजून खोटं बोलतेस?" ती म्हणाली.

तासभर भांडलो. दुसऱ्या दिवशी नंदाचा फोन आला, तिच्या मते ती नंदा होती. मग या ना त्या निमित्ताने कुणाच्या तरी घरी आमची बैठक बसू लागली. भिंगं आली, फोटो मोठा करून झाला, शेवटी नंदा कंटाळून म्हणाली की घोडी तरी राणीच आहे ना, तेवढं धरा. मंगल हार मानणारी नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ही बाई एकदा सोफ्याच्या हातावर चढून बसली, ओढणीचा लगाम केला आणि फोटोतल्यासारखीच आपली कोपरं कशी बाहेर जातात ते बघ म्हणून मलाच दटावू लागली. तिची सून घाबरून धावत आली. मी हसून हसून बेजार झाले, पण कबूल काही केलं नाही. माझ्या मुलांनी मला ऑफिस, स्वयंपाकघर आणि दवाखाना यापलीकडे पाहिलेलं नाही. मी घोडी पळवायचे म्हटलं की ती एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढा एकच फोटो, आणि मंगलचंही अगदी तेच होतं.

तिच्या शोकसभेला बोरिवलीच्या हॉलमध्ये शिरले आणि समोर पाहिलं, तर तोच फोटो भलामोठा करून लावलेला, त्याला जाडजूड हार, खाली उदबत्ती. मी जिवंत तिथे उभी, आणि माझ्या फोटोला हार! नंदा कानाशी लागली, "जाऊ दे ना यार, आता तिचाच म्हणू या." मला तिचाही राग आला. मेली म्हणून दान केल्यासारखा फोटो दिला तर मंगलला तो चालला असता का? तेवढ्यात तिचा मुलगा अभय जवळ आला. आईला आम्ही कधी धावतानासुद्धा पाहिलं नाही, म्हणून हाच लावला, असं तो सांगत होता. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "मावशी, आईच आहे ना ही?"

माझ्या घशाशी 'नाही' आलं होतं. 'हो' म्हणणंही जमेना.

"तिला विचारलं असतंस तर हो म्हणाली असती," मी म्हटलं. त्याला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं.

पुढच्या आठवड्यात अभयने त्याच फोटोची फ्रेम केलेली प्रत घरी पाठवली. ती मी हॉलमध्ये लावली आहे. परवा नवी शेजारीण विरजण मागायला आली, फोटोपाशी थांबली आणि घोड्यावर कोण आहे असं विचारू लागली. मी म्हटलं, "मी." आणि वाट पाहिली... "हो का? छान," म्हणाली आणि वाटी घेऊन निघून गेली. इतक्या पटकन मानलं तिने, की दार लावून मी तिथेच, चपलांच्या कपाटाला टेकून, रडत बसले.