अडतिसावा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ताईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पण आधी एक ऐकून घ्या: मला फोटो काढता येतो. चांगला येतो. उगाच विनय कशाला?

पहिल्या पगारातून मी जुना, हाताने चालवायचा कॅमेरा घेतला. दोन हजार सालानंतरचे दिवस, सगळे ऑटोमॅटिक घेत होते — बटण दाबा, दात दाखवा, झालं. मला ते नको होतं. उजेड किती घ्यायचा ते मी ठरवणार, फोकस मी करणार, रोल मी सरकवणार. भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत असा कॅमेरा माझ्या एकटीकडे. पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे अल्बम दाखवायचे, नको म्हटलं तरी.

ताईच्या मुलाचं बारसं आमच्याकडे होतं. चिपळूणहून थोरले काका आले. घराच्या वाटणीवरून पप्पांशी अकरा वर्षं अबोला, आणि त्या दिवशी आपणहून आले. दोघे भाऊ सोफ्यावर बसून एकमेकांना पेढा भरवत होते. ताईच्या नवऱ्याने आपला ऑटोमॅटिक बाहेर काढला, तर मी म्हटलं, "भाऊजी, तो डबा आत ठेवा. मी आहे ना." सगळे हसले. त्यांनी ठेवला. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू.

रोल छत्तीस फोटोंचा. मी अडतिसावा काढला — आणि तरी रोल ओढायचा खटका पुढे सरकतच होता. कळतंय ना? रोल संपला की खटका अडतो. अडला नाही, म्हणजे रोल जागचा हललाच नव्हता. भरताना त्याचं टोक खाचेत बसलं नव्हतं. डावीकडची चकती फिरतेय का, एवढंच बघायचं असतं. मी बघितलं नाही. मला कशाला बघायला लागतंय?

मला तेव्हाच कळलं. तिथेच. काका दारात चपला घालत होते, भाऊजींचा कॅमेरा पिशवीत होता. एकच वाक्य — काका, एक मिनिट थांबा. ओठांवर आलं होतं. पण मग भाऊजी हसले असते... मी काकांना वाकून नमस्कार केला आणि रिक्षापर्यंत सोडून आले.

पुढचं त्याहून वाईट. तो रोल मी बाजारातल्या किरीटभाईंच्या लॅबमध्ये धुवायला दिला. हो, माहीत असून. फोटो आणायला पप्पाही हौसेने आले. किरीटभाईंनी कोरी पट्टी उजेडात धरली. "दीदी, इसमें तो कुछ आया ही नहीं." मी म्हटलं, "धोने में गया होगा." पट्टीच्या कडेचे आकडे स्वच्छ उमटले होते — धुण्यात काहीच बिघडलं नव्हतं. ते त्यांना दिसत होतं, मलाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, आणि म्हणाले, "सॉरी अंकल." का म्हणाले असतील? पप्पांनी सोसायटीभर सांगितलं. आमच्या इमारतीतून त्यांच्याकडे रोल जाणं बंद झालं. दुसऱ्या वर्षी काका वारले.

पप्पा आता थकलेत. दोघा भावांचा म्हातारपणचा एकही फोटो घरात नाही. पाहुणे आले की सांगतात — बारशाचे फोटो त्या किरीटने घालवले, नाहीतर माझ्या पोरीचा हात कधी चुकलेला नाही. मी समोरच असते, चहाचे कप गोळा करत. आणि ते ऐकताना — आजही — मला अभिमानच वाटतो.