दगड न्हाई तर जॅक न्हाई

काही माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात. आमच्या साताऱ्यातल्या कॉलनीत गप्पा बारशावरून सुरू होवोत नाहीतर निवडणुकीवरून, अर्ध्या तासात त्या नानांच्या जॅकवर येऊन थांबतात. नाना माझे शेजारी. फौजेत पंचवीस वर्षं गाड्या चालवल्या, आता घरी असतात. गाडीचं चाक कसं बदलायचं, या एका विषयावर त्यांचं जगात कुणाशी पटत नाही. मी सगळे किस्से सांगत नाही. ज्यांना मी स्वतः हजर होतो तेवढेच सांगतो.

*

पहिला बळी मीच. मी शाळामास्तर. नवी गाडी घेतली आणि आठवड्यात पंक्चर झाली. रुबाबात जॅक लावला, चाक वर उचललं आणि मग पाना लावून नट फिरवायला गेलो. नटाबरोबर चाकच गोल फिरायला लागलं! नाना कंपाउंडवरून बघत होते.

"सर, गाडी हितंच हाय, चाक निघालं पुण्याला!"

चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे आणि मग जॅक चढवायचा, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळेत हे कुणी सांगू नका.

*

नानांचा मुख्य नियम दगडाचा. गाडी उचलायच्या आधी दुसऱ्या चाकांना दगड लावायचे, म्हणजे ती घरंगळत नाही. "दगड न्हाई तर जॅक न्हाई!" त्यासाठी दोन काळे दगड गोणपाटाच्या पिशवीत कायम तयार.

शिवाय हायवेवर लोक चाक बदलतात आणि दगड तिथंच टाकून जातात. असा दगड दिसला की नाना गाडी कडेला घेऊन तो उचलून घरी आणतात. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते सगळे तुळशीभोवती रचलेत. एकदा पाहुण्यांनी विचारलं, "दगड लय भारी हायेत, कुठनं आणलं?"

"थोडं कराडचं, थोडं पेठ नाक्याचं," काकू म्हणाल्या. "हायवे सगळा आमच्या तुळशीला हाय."

*

खंडेनवमीला नाना जॅक आणि पाना देवघरासमोर पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं. एका वर्षी नेमकी त्याच सकाळी माझ्या चाकातली हवा गेली आणि माझा जॅक भावाकडे. मी मागायला गेलो.

"आज हत्यार उचलायचं न्हाई," काकू म्हणाल्या. "उद्या सोनं वाटून झालं की न्या."

"आगं, फौजेत असं चालत न्हाई," नाना म्हणाले.

"फौज देवघराच्या भायेर!"

मी रिक्षानं गेलो. नाना मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "शत्रूनं नवमीला येऊ नये, एवढंच."

*

नानांचा मुलगाही फौजेत, सीमेवर. त्याची गाडी दारात झाकलेली असायची. सून पल्लवी तासगावची, बेदाण्याच्या शेडवर वाढलेली, ट्रॅक्टर चालवणारी. तिला शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. एसटीनं शिफ्टची वेळ गाठता येईना. गाडी मिळाली तरच नोकरी, नाहीतर घरीच. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिनं किल्ली मागितली.

"मदी खंबाटकीचा घाट हाय," नाना म्हणाले. "चाक बदलून दाव, किल्ली ने."

नोकरीवर हजर व्हायच्या आधी तीन रविवार होते. पहिल्या रविवारी सगळी कॉलनी बघायला जमली. "ज्याला काम न्हाई त्यानं सावलीत हुबं ऱ्हायचं!" नानांनी फर्मान काढलं. पल्लवीनं सगळं नीट केलं, फक्त काढलेले नट मातीत ठेवले.

"एक हरवला म्हंजी? नापास!"

दुसऱ्या रविवारी तिनं नट ओळीनं आवळले. "समोरासमोरचं आवळायचं! नापास!" त्या दिवशी काकूंनी नानांना चहा दिला नाही.

तिसऱ्या रविवारी एक नट हलेचना. नानांनी स्वतः आवळलेला तो. पल्लवी पान्यावर उभी राहिली, तरी नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि मला नानांचा खरोखर राग आला होता. एवढ्यात काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या, सुनेचा खांदा धरून पान्यावर चढल्या. कर्रर्र! नट सुटला.

"भायेरची मदत," नाना म्हणाले. "नापास."

"मी भायेरची?" काकूंनी विचारलं.

नाना बाजूला सरकले. बाकीचं पल्लवीनं एकटीनं केलं. गाडी खाली घेतल्यावर नट पुन्हा एकदा आवळायलाही ती विसरली नाही. नानांनी किल्ली दिली. दगडांची पिशवीही स्वतःच तिच्या डिकीत ठेवली.

*

सोमवारी सकाळी पल्लवी निघाली. पाच मिनिटांत नाना माझ्या दारात.

"सर, जरा शिरवळपतूर जाऊन येऊ. काम हाय."

काय काम, ते न विचारता मी माझी गाडी काढली. लिंब फाट्याजवळ तिची गाडी दिसली, मग अंतर ठेवून मागं राहिलो. भुईंजच्या पुढं माझ्या मागच्या चाकानं जीव सोडला. मी गाडी कडेला घेतली. तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत नाना बघत राहिले आणि मग माझ्यावर खेकसले, "चला की सर! पोरगी घाटात पोचंल!" नानांनीच भराभरा नट ढिले केले, जॅक लावला, चाक वर.

"मामा!"

कडेकडेनं पल्लवी चालत येत होती, हातात गोणपाटाची पिशवी.

"लिंबापासनं आरशात दिसत होता तुमी. दिसायचं बंद झालं म्हणून थांबले."

तिनं वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं.

"मामा, जॅक खाली घ्या."

नानांनी जॅक खाली घेतला. पल्लवीनं दोन्ही दगड चाकाला लावले, घड्याळ बघितलं आणि बाह्या वर सारल्या.

"नापास," ती म्हणाली.

"व्हय," नाना म्हणाले, आणि जाऊन सावलीत उभे राहिले.